एलसॅटच्या उताऱ्यातला मुख्य मुद्दा: आधी स्वतः मांडायचा की पर्याय गाळत जायचं?

अर्धविराम:
भाची अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट ही प्रवेशपरीक्षा देतेय, तिचं वाचन-आकलन मी घेतो. माझं मत ठाम आहे: ‘मुख्य मुद्दा कोणता?’ असा प्रश्न दिसला की पाचही पर्याय हाताने झाकायचे आणि लेखकाचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत, एका वाक्यात मांडायचं.

तिला एक उतारा रचून दिला. पहिला परिच्छेद: न्यायालयं प्रत्यक्षदर्शी साक्षीला फार वजन देतात. दुसरा: स्मरणशक्तीचे अभ्यासक म्हणतात, ताणाखाली पाहिलेला चेहरा नीट आठवत नाही. तिसऱ्यात लेखक म्हणतो, तरी साक्ष मोडीत काढू नका, ओळखपरेड घेण्याची पद्धत सुधारा. भाचीने निवडलं, ‘ताणाखाली ओळख चुकू शकते.’ उताऱ्यात हे आहे, पण तो मुद्दा नव्हे, मुद्द्याचा टेकू आहे. गाळणारा इथेच फसतो, कारण वाक्यात चूक सापडतच नाही.

रात्रपाळी:
घरी बसून हे सगळं जमतं हो. परीक्षेत 35 मिनिटांत चार संच (उतारा आणि त्यावरचे प्रश्न), म्हणजे एकाला पावणेनऊ मिनिटं. त्यातच वाचन, त्यातच सगळे प्रश्न. वाक्य जुळवायचं कधी?

आणि एकदा जुळलं की आपण आपलेच शब्द पर्यायांत शोधत बसतो. बरोबर उत्तर बहुतेकदा वेगळ्याच, जरा नीरस भाषेत लिहिलेलं असतं. पहिल्या खेपेला मी त्यातच आपटलो.

गाळणं म्हणजे चुका काढणं नव्हे. प्रत्येक पर्यायाला एकच विचारायचं: तुझ्यात तिसरा परिच्छेद मावतो का? भाचीच्या उत्तरात मावत नाही, गेलं. ‘अशी साक्ष कधीच ग्राह्य धरू नये’ असा पर्याय असता तर त्यातला ‘कधीच’ लेखकाचा नाही, तोही गेला.

खडूस वाचक:
तुम्ही दोघंही निदान ‘तथापि’ शोधा असं सांगत नाही, हे नशीब. एका उताऱ्यात तीन-तीन ‘तथापि’ असतात आणि त्यातले दोन भलत्याच कोणाच्या मतावर. बोलतंय कोण, ते बघा. दुसऱ्या परिच्छेदात अभ्यासक बोलतायत, लेखक नाही.

अर्धविराम:
@रात्रपाळी, तिसऱ्या परिच्छेदाचा रोख कळल्याशिवाय ‘मावतो का’ हे विचारणार कसं? म्हणजे वाक्य तुम्हीही मांडताच, फक्त कबूल करत नाही.

रात्रपाळी:
रोख कळणं वेगळं, वाक्य घडवणं वेगळं. 2007 पासून चारातला एक संच दोन छोट्या उताऱ्यांचा असतो. तिथे दोन लेखक, दोन सूर. तुमचं ते एक वाक्य कोणाचं?

अर्धविराम:
तिथे दोन मांडतो.

रात्रपाळी:
आणि घड्याळ मामांसाठी थांबतं!

खडूस वाचक:
वेळ संपत आली तर काहीतरी ठोकून द्या, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे भाचीला सांगितलंय ना?

अर्धविराम:
सांगितलंय. आत्ताच तिला हा धागाही वाचून दाखवला. म्हणाली, “मामा, तिसरा परिच्छेद मी वाचलाच नव्हता. दुसऱ्यातच उत्तर मिळालं असं वाटलं.”