व्हिटबीहून सामन्यानंतर लीड्सला परत कसं यायचं?

गाइझली या फुटबॉल क्लबचा व्हिटबी टाउनविरुद्धचा अवे सामना व्हिटबीच्या टर्नबुल ग्राउंडवर बघायचाय, शनिवारी दुपारी तीनचा. राहतो लीड्सला. कार नाही, सोबत आठ वर्षांचा मुलगा, मुक्काम नको. मिडल्सब्रोमार्गे व्हिटबीला जाणारी एस्क व्हॅलीची ट्रेन पाहिली. दिवसाला मोजक्याच गाड्या, एक चुकली की अडकलोच. दुसरा पर्याय एक्स९३ बसने स्कारबरो, पुढे यॉर्कवरून ट्रेन. ॲडव्हान्स तिकीट (ठरावीक गाडीचं, आधी काढलेलं स्वस्त तिकीट) सुचवू नका, प्लीज: मैदानात पाणी साचलं की सकाळच्या तपासणीनंतर सामना पुढे ढकलतात आणि त्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. हिवाळ्यात पाचनंतर एक्स९३ बस वेळेवर येते का, की सामन्याची शेवटची दहा मिनिटं सोडून निघावं लागतं? (पोरगं ऐकणार नाही, ते वेगळंच.)