पाट लावला म्हणून पहिल्या नवऱ्याच्या वावरातला हक्क जातो का?

वावरवाली (यवतमाळ जिल्हा)

माझे पहिले यजमान 2021 च्या दिवाळीआधी वारले. 2014 मध्ये त्यांनी स्वतः घेतलेलं तीन एकर कोरडवाहू वावर आहे. खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावाचं, मृत्युपत्र नाही. मुलगी एकच, नऊ वर्षांची. वारसांची नोंद करायचं तेव्हा कोणालाच सुचलं नाही. पुढचे तीन हंगाम कपाशी मीच काढली, सोसायटीचं कर्जही फेडलं. मागच्या वर्षी मी दुसरं लग्न केलं. मुलगी माझ्याजवळच आहे.

आता दिरांनी एकट्या सासूबाईंच्या नावाने फेरफाराचा अर्ज दिला. विचारायला गेले तर म्हणाले, "तू पाट लावला, आता या वावरात तुयं काय राह्यलं?" वर चारचौघांत माझ्या चालीवर बोलले, की अशा बाईले शास्त्रातच वाटा नाही. साझ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयातही तोंडीच सांगितलं, 'तुमचं नाव लागणार नाही.' लेखी मागितलं, दिलं नाही. कायदा खरंच असा आहे का जी? आणि मुलीचं काय?

जुना तलाठी (अमरावती)

ताई, यजमान वारले त्याच दिवशी तुमचा वाटा तुमचा झाला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. एकेकीला एक एकर. नंतर लग्न केलं म्हणून तो परत जात नाही.

दिरांचं बोलणं गावात खपतं, कारण एकेकाळी ते खरं होतं. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली आणि त्याच कायद्याच्या कलम 2 ने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. 1937 साली विधवेला वाटा मिळाला तोही हयातीपुरता. मनासारखा विकता येत नसे, आणि ती गेली की जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. 1956 च्या कलम 14 ने तिला पुरी मालकीण केलं. 1856 चा तो कायदा 1983 मध्ये रद्दच झाला. पाटाचं नाव काढून बाईला गाळलेले जुने फेरफार मी नोकरीत पाहिलेत, अजून डोळ्यांसमोर येतात.

मुलीच्या एक एकराच्या तुम्ही पालक आहात, पण तो विकायचा झाल्यास जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल. सासऱ्यांच्या नावावर जमीन असेल तर तो प्रश्न वेगळा, यात मिसळू नका.

काळा कोट (वाशीम)

चालीबद्दल मी सांगते, कारण याच शब्दाने बायका गप्प होतात. जुन्या धर्मशास्त्रात जन्मांध, वेडा, कुष्ठरोगी यांना वाटा नसे, आणि व्यभिचाराचा ठपका असलेल्या विधवेलाही वारसा नाकारत. पण आसामातल्या मणिराम कोलिता खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, 1880 सालीच ठरवलं, की एकदा मिळालेला वारसा नंतरच्या वागणुकीने जात नाही. आज 1956 च्या कायद्याचं कलम 28 म्हणतं की रोग, व्यंग किंवा या कायद्यात न सांगितलेल्या कोणत्याही कारणाने वारस अपात्र होत नाही. कलम 25 खुनासाठी आहे. तुम्हाला लागू पडेल असं त्यात काहीच नाही.

तोंडी भांडू नका. लेखी हरकत द्या, पोच घ्या. मग नोंद तक्रारी प्रकरणात जाते आणि सुनावणी लागते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. फेरफार ही नुसती नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

वावरवाली

दोघांचे उपकार आहेत. सासूबाईंचा एकर मी कधीच नाकारला नाही. हे वावर घेताना त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्यांचं नाव माझ्या अर्जात पहिलं घालते. सोमवारी जाते. मृत्यूचा दाखला आहे, पण खरेदीखत दिरांच्या कपाटात आहे.

जुना तलाठी

दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते. गट नंबर, यजमानांचं नाव आणि 2014 साल सांगा. सातबारा आणि मुलीचा जन्मदाखलाही सोबत असू द्या.