चिली, जपान, मकरान: ठाण्या-नवी मुंबईला धोका कुणाचा?

कोपरीकर: जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचटकाला ८.८ चा भूकंप झाला, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घबराटीचे मेसेज फिरतायत. माझं मत, सबडक्शन झोनची भीती आपण घेऊ नये. तिथे समुद्राखालची प्लेट दुसरीखाली सरकताना अडकते, शतकानुशतकं ताण साठतो आणि एकदम सुटतो. चिली १९६० (९.५), अलास्का १९६४ (९.२), सुमात्रा २००४ आणि जपानचं तोहोकू २०११ (९ च्या वर-खाली). आपण बसलोय प्लेटच्या पोटात. काळजी कोयना, किल्लारी आणि २०१८ पासून हादरणाऱ्या डहाणूची करा.

वाशीकर: मकरान विसरलात! इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याशी अरबी प्लेट खाली जाते. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि सुनामी मुंबईपर्यंत आली. पट्टा शांत आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अमेरिकेच्या कॅस्केडिया पट्ट्यात मोठ्या भूकंपाची लेखी नोंदच नव्हती. मग किनाऱ्यावरची बुडून मेलेली झाडं आणि जपानमधली सुनामीची जुनी नोंद ताडून पाहिली, तर तारीख निघाली २६ जानेवारी १७००, तीव्रता ९ च्या आसपास.

कोपरीकर: ८.१ आणि ९ यांत ऊर्जेचा फरक वीसपटींहून जास्त आहे. प्लेट तरुण आणि वेगवान असली तरच महाभूकंप होतो. मकरानचा वेग जपानच्या निम्म्याहूनही कमी.

वाशीकर: तो ठोकताळा १९८० च्या सुमाराचा. तोहोकूखाली जाणारी प्लेट तेरा कोटी वर्षं जुनी होती! तिथे ९ चा भूकंप बहुतेकांच्या हिशेबातच नव्हता. किती माणसं गेली त्यात.

घणसोली_साइट: मी बांधकामावर काम करतो. तुम्ही दोघं तीव्रतेवर अडलात, मला पायाखालच्या मातीची धास्ती वाटते. १९८५ चा मेक्सिकोचा भूकंपही सबडक्शनचाच, तीव्रता ८. केंद्रापासून मेक्सिको सिटी साधारण ३५० किलोमीटर. तरी हजारो माणसं मेली, कारण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. गाळाने लाटा वाढवल्या आणि सहा ते पंधरा मजली इमारती ज्या लयीत डोलतात, नेमका त्याच लयीचा हेलकावा त्यांना बसला. कातळावरच्या वस्त्या बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या.

आता आपल्याकडे बघा. खाडीलगत पायलिंग (पायासाठी खोल खांब उतरवणं) चालू असताना खालून काळा, चिकट गाळ येतो, बूट घोट्यापर्यंत रुततो. त्यावर भराव, आणि वर स्टिल्ट पार्किंगची इमारत: खाली नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले मजले. २००१ मध्ये भूजचं केंद्र दोनशे किलोमीटरहून लांब असताना अहमदाबादेत अशाच इमारती पहिल्या मजल्यापाशी बसल्या. अहमदाबाद भूकंपधोक्याच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात होतं. २०१६ च्या आयएस १८९३ (भूकंपासाठीचं भारतीय बांधकाम मानक) प्रमाणे ठाणेही झोन ३ मध्येच.

परवा एका जुन्या सोसायटीत गेलो होतो. पार्किंगमधल्या कॉलमचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, सुटलेलं, उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या आतल्या रिंगा गंजून बोटाने पापुद्रा निघत होता. सेक्रेटरी म्हणाले, "रंग काढताना बघू." मला रात्री झोप लागली नाही.

वाशीकर: रिंगा गेल्या तर कॉलम जॅकेटिंगने, म्हणजे भोवती नवं आवरण घालून, सावरतो का?

घणसोली_साइट: बहुतेक वेळा सावरतो. पण आधी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट. प्लास्टर मारून झाकू देऊ नका.

कोपरीकर: मकरानबद्दल माझं मत तेच आहे. पण आमची इमारतही स्टिल्टवरच आहे, १९९१ ची. रविवारी टॉर्च घेऊन खाली उतरतो.