दुखतंय पाठीत, मग ऑपरेशन गळ्याचं कशाला?

निशिगंध: आई ६१ वर्षांची. चार महिने पाठ दुखतेय म्हणून तेल, शेक, पट्टा सगळं झालं, मग एक दिवस कणीक मळता मळता कळ आली आणि ओटा धरून खालीच बसली. एमआरआयमध्ये मणक्यात गाठ, बायोप्सीत फॉलिक्युलर थायरॉईड कॅन्सर. गळ्याला बाहेरून काहीच दिसत नाही, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल! डॉक्टर म्हणतात आधी थायरॉईड पूर्ण काढायचा. बाबांना अजिबात पटत नाहीये. कुणाच्या घरी असं झालंय का?

सातारकर: ताई, माझ्या वडिलांचं असंच, त्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा कळलं. हा प्रकार रक्तातून पसरतो म्हणून हाडात, फुप्फुसात जातो, आणि टीएसएच नॉर्मल असलं तरी कॅन्सर असू शकतो. ऑपरेशनचं कारण असं की नंतर रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचं औषध देतात, ते औषध थायरॉईडच्या पेशी स्वतःत ओढून घेतात, हाडात जाऊन बसलेल्यासुद्धा. पण गळ्यात ग्रंथी तशीच ठेवली तर बहुतेक औषध तीच खाते, हाडापर्यंत पोचतच नाही. बाबांना एवढंच सांगा. आणि पाय जड वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली तर रात्र असली तरी थांबू नका, मणका मज्जारज्जूवर दाबत असतो.

माहेरवाशीण: माझ्या सासूबाईंना परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये दिलं. आधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ, मासे, दूध बंद, आमच्याकडे सुकटीशिवाय जेवण नाही त्यामुळे फार जड गेलं त्यांना. नंतर काही दिवस एकटीला खोलीत ठेवतात, मी रोज फोनवर हरिपाठ म्हणायचे, त्या तिकडून म्हणायच्या. एक गोष्ट नक्की विचारा, सीटी स्कॅनला डाय (फोटोत नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार का? त्यात आयोडीन असतं, मग रेडिओआयोडीन पुढे ढकलावं लागतं. हाडं मजबूत करायच्या इंजेक्शनआधी दातही दाखवून घ्या. आता तीन वर्षं झाली, वाडीतल्या देवळापर्यंत चालत जातात.

निशिगंध: सातारकर दादा, ग्रंथीच औषध खाते हे बाबांना वाचून दाखवलं, गप्प बसले आणि मग फाईल मागितली. उद्या सीटी आहे, डायचं सकाळीच विचारते. आई विचारतेय तीन वर्षं झालेल्या त्या बाई पाठीला पट्टा अजून लावतात का.