प्रतिसाद: आधी प्रत, मग ऑटॉप्सी

पुसलेल्या फायली शोधायला ऑटॉप्सी हे सॉफ्टवेअर थेट पेनड्राइव्हवर चालवून शिका, असं वर कुणीतरी सुचवलंय. ऑटॉप्सी फुकट आहे आणि नवख्यांना उत्तमच, पण मूळ पेनड्राइव्हवर नको. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचे पुसले गेलेले हिशेब शोधताना मी तेच केलं, शिवाय सापडलेल्या फायली त्याच पेनड्राइव्हवर साठवल्या. उरलेल्यांवर नवा डेटा लिहिला गेला. त्या कायमच्या गेल्या. अजून वाईट वाटतं.

आधी एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हची पूर्ण प्रत काढा, तिचा हॅश (डेटावरून निघणारी ओळखखूण, डेटा बदलला की तीही बदलते) लिहून ठेवा आणि शोध त्या प्रतीतच घ्या. आणखी एक, इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही: भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. तेव्हा ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावा.