चांगला दिवसच महागात पडतो. गुडघेदुखीवाल्यांनो, तुम्ही काय करता?

टाकाधागा

नमस्कार मंडळी. वय ६२. शिवणकाम करते, अजूनही. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, उजव्याची जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'ग्रेड ३' लिहून आलंय, म्हणजे झिजेच्या चार पायऱ्यांतली तिसरी. त्यात आता उजव्या अंगठ्याचं मूळही दुखायला लागलंय, म्हणजे नेमकी कात्री धरायची जागा.

पहिल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "वय झालं, आता हे असंच चालायचं." चालतच नाहीये म्हणून तर आले ना तुमच्याकडे! असो. गोळ्या लिहून दिल्या, पाच मिनिटांत बाहेर.

माझी खरी अडचण वाईट दिवसांची नाही, चांगल्या दिवसांची आहे. सकाळी उठल्यावर गुडघे आखडलेले असतात, पंधरा-वीस मिनिटांत सुटतात. एखाद्या दिवशी अजिबात दुखत नाही, आणि मग मला चेव येतो. साठलेले पडदे शिवून टाकते, माळा आवरते, दोन मजले चार वेळा वर-खाली. संध्याकाळपासून ठणका सुरू. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला, मी आडवी. दोन दिवस पडून राहिलं की तो आणखीच आखडतो.

मुलगी म्हणते, आई आराम कर. हे म्हणतात, चालत राहा. दोघांचं ऐकलं, दोन्ही वेळा पस्तावले. किती केलं म्हणजे पुरे, हे कळायचं कसं?

आणि काठी घेतलीये. गुडघा उजवा म्हणून उजव्या हातात धरते, तर अंगठा बोंब मारतो. सोडून देऊ का?

हाडवैद्य_नव्हे

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. काठी सोडू नका, हात बदला. दुखरा गुडघा उजवा, तर काठी डाव्या हातात. काठी आणि उजवा पाय एकदमच पुढे टाकायचे, म्हणजे उजव्या पायावर येणारा भार काठी वाटून घेते. त्याच बाजूला धरली की माणूस दुखऱ्या पायावरच कलतो. माझ्याकडे पहिल्यांदा येणारे निम्मे लोक काठी चुकीच्या हातात घेऊन येतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

उंची: नेहमीच्या चपला घालून ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला लागली पाहिजे. धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं असेल. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

आता किती करायचं ते. माझ्या पेशंटना मी दोन तासांचा हिशोब सांगतो. काम किंवा व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. पण थांबल्यावर दोन तास उलटूनही दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल, तर तेवढं तुमच्या गुडघ्याला झेपलं नाही. पुढच्या वेळी कमी करा. बंद नाही, कमी.

दोन दिवस पडून राहण्याबद्दल. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि सांधा दाबला-सुटला की ते तिच्यापर्यंत पोचतं. शिवाय पडून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने सैल पडतो आणि सगळा भार उघड्या सांध्यावर येतो. म्हणून वाईट दिवशीही खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

'ग्रेड ३' चं फार मनावर घेऊ नका. त्याहून वाईट फोटो असलेले लोक आरामात फिरताना पाहिलेत, आणि बरा फोटो असलेले कण्हताना.

पायरीवरचा

वय ६८, तुमचाच भाऊ. मलाही चेव यायचा, माझा बागेत. शेवटी किचन टायमर लावायला लागलो. पंचवीस मिनिटं काम, मग उठून किंवा बसून दहा मिनिटं दुसरं काही. पहिला आठवडा त्या टायमरचा इतका राग आला की एकदा उशीखाली कोंबला. पण खरी मेख अशी, की बरं वाटत असताना थांबायचं. दुखायला लागल्यावर थांबलो तर उशीर झालेला असतो.

दुसरं, खुर्ची. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जात असतील तर ती खुर्ची तुमची वैरीण. उंच बैठकीची, हात असलेली घ्या. मऊ उशा रचून उंची वाढवू नका, बसलं की दबतात.

तिसरं, माझा मूर्खपणा. बीपीच्या गोळ्या चालू असताना मनाने पेनकिलर घेत राहिलो, जवळजवळ चार महिने. पोट बिघडलं ते बिघडलंच, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलं. आता डॉक्टरांना विचारून डायक्लोफिनॅक या पेनकिलरचा जेल लावतो. लावलेला पोटात घेतल्यासारखा रक्तात जात नाही. जेल लावलेल्या जागी शेक मात्र घ्यायचा नाही.

ग्लुकोसामीनवर (सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या पूरक गोळ्या) मी वर्षभर पैसे घातले. २००६ साली अमेरिकेत दीड हजारांहून जास्त लोकांवर चाचणी झाली होती, त्यात एकूणात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. हे मला बाटल्या संपल्यावर कळलं.

वजनाचं बोललं की बायका चिडतात (घरचा अनुभव), तरी सांगतो. जाड माणसाचं एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. माझे सहा उतरले. जिन्याला फरक कळतो.

आमवातवाली

वजनाचं पुरुषांनीही ऐकायला हरकत नाही. :)

वय ४१, मला झीज नाही, आमवात. हे मुद्दाम लिहितेय, कारण सगळ्या सांधेदुखीला एकच माप लावलं की माझ्यासारखे अडकतात. माझे हात सकाळी तासाच्या वर आखडलेले असायचे, दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजायची, अंगात कणकण. वर्षभर "काम जास्त होतंय" हेच ऐकलं. यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं आणि औषध लवकर सुरू झालं नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. ज्यांना हे जुळतंय त्यांनी टायमर लावत बसू नका, संधिवाततज्ज्ञांकडे जा. आणि मेथोट्रेक्झेट ही आमवाताची गोळी लिहून दिली तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. मी डबीवर वाराचं नाव लिहून ठेवलंय.

ताई, तुमची पंधरा-वीस मिनिटं झिजेचीच वाटतात, पण अंगठा एकदा दाखवून घ्या. तोवर चिमटीचं काम कमी करा. मोठी भांडी दोन्ही तळव्यांवर उचला, पिशवी बोटांत न लटकवता कोपराला अडकवा. कात्री स्प्रिंगची घ्या, आपोआप उघडते. अंगठ्याला फक्त मिटण्याचं काम उरतं.

टाकाधागा

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार.

काठी डाव्या हातात घेतली. पहिले दोन दिवस कवायतीत चुकलेल्या पोरासारखी चालत होते, काठी एकीकडे आणि पाय भलतीकडे. तिसऱ्या दिवशी जमलं. काठी उंचही निघाली, चार बोटांएवढी कापून घेतली.

टायमर वीस मिनिटांचा. टीप अर्धी सोडून उठणं माझ्याच्याने होत नव्हतं, म्हणून आता टायमर हाताशी ठेवतच नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. बंद करायला उठावंच लागतं. एकदा मात्र घाईचं काम आलं, टायमर लावलाच नाही, आणि गुडघा पुन्हा गरम होऊन सुजला. पण या वेळी पडून नाही राहिले, खुर्चीतला व्यायाम चालू ठेवला. दीड दिवसात उतरला.

दोन प्रश्न राहिले. सुजल्यावर शेकायचं की बर्फ? आणि मशीनचं पेडल डाव्या पायाने मारलं तर चालेल?

हाडवैद्य_नव्हे

गरम आणि सुजलेला असेल तर बर्फ, फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. नुसता आखडला असेल तर शेक. मात्र एखादा सांधा अचानक लालभडक होऊन सुजला आणि सोबत ताप असेल तर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

पेडल डाव्या पायाने खुशाल. टाच जमिनीवर टेकलेली ठेवा आणि पेडल इतकं जवळ ओढू नका की गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकेल. अंगठा दाखवलात का?