सांगली स्टँडवर नाणं टाकून जेवण : असावं का?

कृष्णाकाठ
माझं मत : असावं. रात्री-अपरात्री सांगली स्टँडवर किंवा मिरज जंक्शनवर उतरणाऱ्याला नाणं टाकून यंत्रातून स्वच्छ डबा मिळायलाच हवा. कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये 1895 साली असं उपाहारगृह निघालं, 1902 मध्ये हॉर्न अँड हार्डार्ट या कंपनीने ते अमेरिकेत, फिलाडेल्फियात आणलं. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, काचेचं दार उघडून ताटली घ्यायची. न्यूयॉर्कमधलं त्यांचं शेवटचं 1991 पर्यंत चाललं. आपल्याकडे का नको?

चुलीपाशी
कारण तिथे भिंतीमागे माणसं उभी असत. कप्पा रिकामा झाला की मागून ताजी ताटली यायची, उरलेलं दुसऱ्या दिवशी वेगळ्या दुकानात स्वस्तात जायचं. स्टँडवरच्या यंत्रामागे कोण असणार? सकाळी डबे भरून गेलेला माणूस उद्याच येणार.

भाताचंच बघा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, म्हणून शेजारी मायक्रोवेव्ह ठेवणं हा उपाय नव्हे. वासावरून कळेल म्हणावं, तर तेही नाही. माझा ठाम विरोध.

गारवा
भाताबद्दल सहमत, पण दोष यंत्रावर ढकलू नका. बहुतेक वेळा चूक भरण्याआधीच होते. हे यंत्र थंड अन्न थंड ठेवतं. गरम अन्न थंड करायची ताकद त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये नसते. वाफाळता पुलाव डब्यात भरून आत ठेवला की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, शेजारचे डबेही तापतात. आणि पडद्यावर 4 अंश दिसतात, कारण सेन्सर हवेचं तापमान मोजतो, भाताचं नाही.

म्हणून पुलाव उथळ ट्रेमध्ये पसरायचा, थर 5 सेंटिमीटरच्या आत. 60 वरून 21 अंशांवर 2 तासांत, तिथून 5 वर पुढच्या 4 तासांत. डब्याच्या मधोमध सुईचा थर्मामीटर खुपसून 5 दिसले तरच यंत्रात.

यंत्राचं बिघडतं ते दोन ठिकाणी. कंडेन्सरची (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी धुळीने बुजते (मार्केट यार्डाजवळ हळदीचीही पूड बसणार), दाराचं रबर फाटतं. पंधरवड्याला जाळी ब्रशने साफ करा. रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर सहज सुटली तर रबर बदला. उन्हातली जागा तर नकोच.

चुलीपाशी
आणि वीज गेली तर? मे महिन्यात, काचेच्या दाराचं यंत्र?

गारवा
तिथेच खरी परीक्षा. यंत्राला तापमानाचं कुलूप हवं. अमेरिकेच्या अन्नसंहितेत तसा नियम आहे : आत 5 अंशांच्या वर गेलं की विक्री आपोआप बंद, नुकतं भरल्यावर 30 मिनिटांची सूट. वीज आल्यावर कुलूप आपणहून सुटता कामा नये. माणसाने येऊन डबे काढल्यावरच सुटावं. हे कुलूप नसलेलं स्वस्त यंत्र आणणार असाल, तर मीही चुलीपाशींच्या बाजूने.

कृष्णाकाठ
कुलपाची अट मान्य. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक, बनवल्याची तारीख-वेळ आणि तक्रारीचा फोन, हेही सक्तीचं करा. नाण्यांचं मात्र आधी पाहावं लागेल. दहाच्या नाण्याचे कितीतरी नमुने चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. नाणं ओळखणारा भाग त्या सगळ्यांसाठी जुळवून घेतला नाही, तर खरं नाणं परत येईल आणि भुकेला माणूस यंत्रावर बुक्क्या मारेल. सोबत यूपीआय ठेवावंच.

चुलीपाशी
पैशाचं जमेल हो. रात्री दोन वाजता कुलूप लागलं तर तो तक्रारीचा फोन उचलणार कोण, ते सांगा. तोपर्यंत माझं म्हणणं एवढंच : यंत्रात भडंग, शेंगदाणा चिक्की, बंद बाटलीतलं पाणी ठेवा. भडंगात ओलावाच इतका कमी की जंतू वाढत नाहीत, वीज जाओ वा राहो.

कृष्णाकाठ
भडंगाने रात्रीचं जेवण होत नाही. निदान तिखट पुऱ्या आणि सुकी चटणी तरी चालेल का?

गारवा
पुऱ्या पूर्ण गार करून भरल्या तर त्याच दिवसापुरत्या चालतील. चटणी शेंगदाण्याची किंवा कारळ्याची. ओल्या खोबऱ्याची अजिबात नको.